तिघांच्या हृदयाचं वजन

शवागाराशेजारच्या खोलीत ताई बावीस वर्षं शवविच्छेदनाचे अहवाल टाइप करत होती. मधलं दार मात्र तिनं कधी ओलांडलं नव्हतं. "मला कागदावरचे मेलेलेच पुरेत," म्हणायची.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी तिला विचारलं होतं, "रोज ‘ऑटोप्सी’ टाइप करतेस, अर्थ माहितीय? ग्रीक शब्द आहे. ऑटोस म्हणजे स्वतः, ऑप्सिस म्हणजे पाहणं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, बस्स. मढ्याचं त्यात नावही नाही."

"मग मी नापास," ताई हसली होती.

त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. एका सकाळी रंगाच्या कारखान्यातले तीन कामगार आणले. दुपारी तिघांची टिपणं ताईच्या टेबलावर. कारण, हृदयविकार. पहिला पंचविशीचा, हृदयाचं वजन तीनशे बारा ग्रॅम. दुसऱ्याचं तीनशे बारा. तिसरा साठीचा, त्याचंही तेवढंच. ताईची बोटं थबकली.

तिनं शवागार सांभाळणाऱ्या मामांना गाठलं. "मामा, तिघांना कधी उघडलं?"

"उघडलंय कुठं? साहेब आले, चहा प्याले, गेले."

ताईनं दार ढकललं. गारठा अंगावर आला. मामांनी चादरी सारल्या. गळ्यापासून पोटापर्यंत एक टाका नव्हता. तिघांची नखं निळीकाळी पडली होती. ताईनं नजर हटवली नाही.

"काय पाहताय?" मागे डॉक्टर उभे होते. आवाज अगदी मऊ. "चारपर्यंत अहवाल द्या. कारखान्याची गाडी खाली थांबलीय."

"माझ्या हातून नाही व्हायचं, साहेब."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

ताई आपल्या टेबलाशी परतली. जुन्या अहवालांच्या प्रती काढल्या. आठ महिन्यांत त्याच कारखान्यातले अकराजण. अकराही जणांचं हृदय तीनशे बारा ग्रॅमचं. त्या प्रती पिशवीत घालून ती तडक न्यायालयात गेली.

न्यायालयाच्या हुकुमावरून दुसऱ्या डॉक्टरांनी तिघांना उघडून तपासलं. फुप्फुसांत विषारी वाफेचे अंश सापडले. कारखान्याला टाळं लागलं, मोत्यासारखं अक्षर निलंबित झालं.

आधीच्या अकराजणांना मात्र केव्हाच अग्नी दिला होता, तपासायला काहीच उरलं नव्हतं. एका संध्याकाळी ताईच्या दारात एक अनोळखी बाई आली.

"माझा भाऊ त्या अकराजणांत होता. तो कशानं गेला हो?"

"त्याचा अहवाल मीच टाइप केला, पण पाहिलं कुणीच नाही," ताई म्हणाली. तिनं बाईला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.