जांभळ्या गालाचा म्हातारा

आकाराम पेंटर बावीस वर्षं कोल्हापुरातल्या एकाच थेटराचे बॅनर रंगवत होता, आणि या बावीस वर्षांत त्यानं एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. गरजच काय? मुंबईहून काळेपांढरे फोटो यायचे. फोटोतला माणूस पाहिला की त्याचं चारित्र्य आकारामला कळायचं. नायकाचे गाल टोमॅटोसारखे, आईला पांढरं लुगडं, आणि खलनायकाचा अर्धा गाल जांभळा. गडमुडशिंगीहून सायकली हाणत आलेली माणसं आधी गाल वाचायची, मग तिकीट काढायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका फोटोत जाड मिशांचा, हातात चाबूक घेतलेला म्हातारा आला. आकारामनं बेलाशक जांभळा फासला.

म्हातारा निघाला देवमाणूस! चाबूक बैलगाडीच्या शर्यतीतला. पण पब्लिकनं गाल वाचला होता. म्हाताऱ्यानं अनाथ पोरीला जमीन लिहून दिली, तर पिटातून आवाज, "आता गळा दाबतंय बघ!" तो आजारी पडला, तर "सोंग हाय, सोंग!" शेवटी तो मेला, दिवे लागले, तरी माणसं उठेनात. म्हातारा उठून काहीतरी वाईट करील, या आशेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाजीवाली तानाबाई थेटरमालक सयाजीरावांपुढं उभी. "तीन तास वाट बघितली, मालक. म्हाताऱ्यानं कायबी केलं न्हाय. आमाला फसिवलं की!"

मालक तडक शिडीपाशी आले. "आकाराम, दुपारच्या खेळाआधी हे निस्तर. न्हायतर बरुश ठेव आन् घरला जा."

नोकरी जायची भीती होतीच. पण आपला जांभळा खोटा ठरावा, हे आकारामच्या घशाखाली उतरेना. तेवढ्यात कॉलेजातले नृसिंह सर आले. ते पुण्याहून चिन्हांचं शास्त्र शिकून आले होते आणि भेटेल त्याला पाजत होते.

"अहो, जांभळ्यात मुळात वाईट काही नसतं. चिन्हाचा अर्थ म्हणजे लोकांची सवय."

"सवय लावली कुणी?"

"अं... तुम्हीच की."

"मग पुण्याला कशाला गेलता, सर? शिडीखाली बसायचं की!"

सर कसंनुसं हसले. "पण एक ध्यानात घ्या. चिन्ह एकटं वाचत नाहीत कोणी. शेजारचं बघून वाचतात."

हे मात्र आकारामला पटलं. त्यानं डोअरकीपर ज्ञानूला हाक मारली, "खरा बदमाश कोण रं?"

"डागदर."

डॉक्टर बॅनरवर गुलाबी, गोंडस बसला होता. आकारामनं दोन तासांत म्हाताऱ्याला गुलाबी केलं आणि डॉक्टरला जांभळ्यात बुचकळून काढलं.

दुपारी तानाबाई बाजारातून परतताना बॅनरखाली थबकली. "आग्गं बया! म्हातारा सुधारला व्हय? आन् डागदर बिघडला?" मग सोबतच्या बाईला म्हणाली, "चल गं. कसं काय झालं त्ये बघाय पायजे."

रांग रस्त्यावर आली. सयाजीरावांनी स्वतः शिडी धरली. "आकाराम, सोमवारी आईचा गाल जरा जांभळा..."

"आईला हात लावायचा न्हाय, मालक!"