क्लेटचा वाटा

शिकारीचा मोसम जवळ आला की वेंडेल टाकेट माझ्या दुकानात येतो, काउंटरला टेकतो, आधी हवेला नावं ठेवतो आणि मग सुक्या जेवणाची पाकिटं मागतो. उकळतं पाणी ओतलं की दहा मिनिटांत शेवया नाहीतर भात तयार, आणि ओझं जवळजवळ नाहीच. आयडाहोच्या आमच्या डोंगरांत एल्क हरणामागे आठ-आठ दिवस पायी फिरणारे सगळे हीच नेतात. वेंडेल आणि त्याचा मित्र क्लेट तीस वर्षं मिळून सोळा पाकिटं न्यायचे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात क्लेट गेला. पुढच्या मोसमात वेंडेलने आठ नेली.

त्या खेपेला सहाव्या दिवशी त्याला एल्क मिळालं. मांस पाठीवरून चार खेपांत गाडीपर्यंत आणायचं होतं. तीन झाल्या, चौथीला पायच उचलेनात. दुसऱ्या दिवशी परत वर गेला, तर उरलेली मांडी अस्वलाने ओढून नेली होती. मारलेलं मांस डोंगरावर टाकून येणारा आमच्याकडे मान वर करून फिरत नाही. वेंडेलने तर कुणी विचारायच्या आतच ते गावभर सांगितलं, आणि नंतर चर्चमध्येही मागच्या बाकावर बसू लागला.

या वर्षी आला तो आणखीच वाळलेला. म्हणाला, म्हातारपण आलंय. या वेळी चौथी खेप झाली नाही तर बंदूक विकून टाकणार, परत डोंगराचं नाव काढणार नाही. आणि पुन्हा आठच पाकिटं समोर ठेवली.

मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, "दिवसाला किती खातोस?"

"एक. अर्धं सकाळी, अर्धं रात्री. क्लेट होता तेव्हाही आम्ही प्रत्येक पाकीट अर्धं-अर्धंच करायचो."

मी पाकीट उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. अख्ख्या पाकिटात सहाशे कॅलरी. ओझं घेऊन डोंगर चढणाऱ्याला दिवसाला चार हजारही कमी पडतात. "शिकारीला जातोस की उपासाला? आणि मधे काय खायचास?"

"मधे क्लेट काहीतरी हातावर ठेवायचा. शेंगदाणे, चीज, सॉसेज. मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकही तोच करायचा, मी तंबू लावायचो."

तेव्हा मला आठवलं. क्लेट दरवर्षी शेजारच्या दुकानातून बटरच्या आठ वड्या घेऊन यायचा, आणि डोंगरावर केक भाजतोस का म्हणून मी त्याला चिडवायचे. म्हणजे निम्म्याहून जास्त जेवण त्याच्या पाठीवर असायचं. बटरचं ठाऊक असून गेल्या वर्षी मी वेंडेलला आठ पाकिटं विकली आणि वर शुभेच्छाही दिल्या. मला माझीच लाज वाटली.

मी सोळा पाकिटं काढली. बटर, चीज, शेंगदाणे, सॉसेज असं सगळं शेजारून आणून त्याच्या पिशवीत कोंबलं. ओझं फार झालं म्हणून तो कुरकुरला.

"क्लेटने तीस वर्षं उचललं," मी म्हटलं. "तू आठ दिवस उचल."

त्याने पिशवी खांद्यावर घेतली आणि निघाला.

परत आला तेव्हा दाढी वाढलेली, हात सोललेले. चारही खेपा झाल्या होत्या. पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. पहिल्या संध्याकाळी त्याने शेवयांत बटर घातलं, आणि क्लेटच्या वेळची चव परत आली होती.

"मला इतकी वर्षं वाटायचं, ती चव पाकिटाचीच आहे," तो म्हणाला. "अख्खं पाकीट संपवलं आणि रडत बसलो, लोर्ना. गेल्या वर्षी रडण्याइतकाही जोर नव्हता."

मग बाहेर जाऊन त्याने कागदात बांधलेल्या मांसाची दोन मोठी खोकी आणली आणि काउंटरवर ठेवली.

"हा क्लेटचा अर्धा वाटा. सवयीने वेगळा काढला. आता कुठे न्यायचा ते कळेना."

माझा फ्रीझर गच्च भरलेला होता. जागा आहे, मी म्हणाले.