उंद्रीच्या मांडवातली रेकॉर्ड

आमच्या मंडळाने उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, आणि तिच्याही मोजून पन्नास प्रती. मंडळ म्हणजे आम्ही चौघं: चाली लावणारे संगीताचे मास्तर, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, ढोलकी वाजवणारा शिंपी आणि गाणारी मी. मास्तरांच्या डोक्यात भलतंच खूळ होतं. निंदताना बाया गुणगुणतात तसल्या चालीला ते क्लॅरिनेट जोडत, आणि ठेक्याला सुपात तुरी पाखडायला लावत. लोक विचारत, हे गाणं आहे की खळं? मास्तरांना त्याचं काहीच वाटत नसे. मला मात्र राग येई. मी रागीट होते, अजूनही आहे.

तेव्हा मी बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांनी पाठवलं ते एका अटीवर. "शिक, मास्तरीण हो. पण भोंग्यावर तुहा आवाज आयकला, त त्याच दिवशी शिक्षण बंद." बाबा बोलले की बोलले. म्हणून मुंबईला रेकॉर्डिंगला गेले ती मावशी आजारी असल्याच्या बहाण्याने. तो बहाणा मायने रचला होता. बाबांना तो तिनेच सांगितला, डबाही तिनेच बांधून दिला. रेकॉर्डवर मी माझं नाव घालू दिलं नाही. मास्तरांच्या नावापुढे नुसतं 'आणि सहकारी' छापलं.

चुलत बहिणीचं लग्न उंद्रीला होतं. ऐन वैशाख, दुपारची वेळ. पुरुषांची पंगत बसली होती आणि बाबा वरणाची बादली घेऊन वाढत होते. आम्ही बायका आमच्या पंगतीची वाट बघत लाऊडस्पीकरवाल्याच्या टेबलाशेजारी सावलीला बसलो होतो. भोंगा समोरच्या कडुलिंबावर उंच बांधलेला. तेवढ्यात आमचाच क्लॅरिनेटवाला, या लग्नात बँडबरोबर आलेला, पिशवीतून बशीएवढी रेकॉर्ड काढत आला आणि लाऊडस्पीकरवाल्याला म्हणाला, "हे लाव ना भाऊ, आमची हाय."

त्याला बाबांची अट ठाऊक नव्हती, बिचारा कौतुकाने घेऊन आला होता. मी मायकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. उठून नको म्हणावं तर का नको, हे चार बायकांत सांगावं लागलं असतं. मी तशीच बसून राहिले.

सुई टेकली आणि भोंग्यातून चिमणीसारखा चिवचिवाट सुरू झाला. क्लॅरिनेट किंचाळत होती, सूप नुसतं तडतडत होतं. लाऊडस्पीकरवाल्याकडच्या सगळ्या रेकॉर्डी मोठ्या, अठ्ठ्याहत्तरच्या. त्याने त्याच वेगावर आमची पंचेचाळीसची लावून दिली होती. मंडपात हशा पिकला. "काऊन बे, मांजर चावलं काय मशीनले?" कोणीतरी ओरडलं.

मी वाचले होते. तो आवाज माझा आहे, हे मलाही ओळखू आलं नसतं. नुसतं गप्प बसायचं होतं, तीन मिनिटं.

तेवढ्यात बाबांचं हसणं ऐकू आलं. हातातली बादली खाली ठेवून, डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत होते. "असं गाणं आयकून ढोरं दावं तोडतीन!"

ते मला सोसलं नाही. सहा महिने आम्ही त्या गाण्यावर मेहनत घेतली होती. मी उठले, टेबलाशी गेले, सुई उचलली, मशीनचा खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई पुन्हा पहिल्यापासून टेकवली.

आता लिंबावरून माझाच आवाज आला, सावकाश, स्वच्छ, अख्ख्या गावावर. पंगतीतले हात थांबले. माझ्या शेजारच्या म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भोंग्याकडे. बाबा हसायचे थांबले होते. गाणं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मग टेबलाशी आले. एवढंच विचारलं, "मायले माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

"हाव, माहीत होतं," माय मागून म्हणाली. "म्याच धाडलं तिले. तिचं शिक्षण नोका तोडू."

बाबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. मग बादली उचलली आणि वाढायला निघून गेले.

माझं शिक्षण त्यांनी तोडलं नाही. मी मास्तरीण झाले, सगळी नोकरी याच जिल्ह्यात केली. पण त्या दुपारपासून बाबा मायशी बोलले नाहीत. ताट मागायचं तरी माझ्या धाकट्या बहिणीकडून मागत. मला नोकरीचा कागद आला तेव्हा तो त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, तोही मायकडे पाठ करून. खटका सरकवल्याचा मला आजही पस्तावा नाही. मायची मात्र मी कधी माफी मागितली नाही, आणि आता मागायला ती नाही.