दोन दिवसांसाठी उतरायचं कुठं?

आमच्या शाळेतलं कोणीही नागपूरला निघालं, की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "उतरणार कुठं?" काम काय, बस कितीची, हे सगळं नंतर. दिग्रसहून नागपूर म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये जातो, त्यामुळे एक-दोन मुक्काम होतातच. मग कोणी बर्डी सुचवतं, कोणी धंतोली, कोणी मेडिकल चौक. आणि माणूस परत आला, की कामाचं काय झालं ते कोणी विचारत नाही. "मुक्कामाचं सांगा," म्हणतात. अशानं इतके किस्से जमलेत, की मधली सुट्टी पुरत नाही.

आम्ही चौघं जुने. मी विज्ञान शिकवते. राठोड मॅडम हिंदी, मेश्राम सर गणित, आणि काळे बाबू ऑफिस सांभाळतात.

* * *

काळे बाबूंना बस चुकण्याची फार धास्ती. एकदा ऑफिसचे कागद घेऊन नागपूरला गेले, तेव्हा त्यांनी मुद्दाम गणेशपेठेत, बसस्टँडच्या अगदी समोर खोली घेतली. "बॅग उचलली की बसमध्ये," असं आम्हाला ऐकवून गेले होते.

परतीच्या दिवशी दुपारी ते चहा घेऊन खिडकीत बसले. बस फलाटाला लागली, ती दिसली. ड्रायव्हर चढला, तोही दिसला. लोक चढायला लागले. एवढं समोर आहे, जाऊ निवांत, म्हणून बाबूंनी चहा पुरा केला. तेवढ्यात बस निघाली. बाबूंनी खिडकीतून जोरजोरात हात हलवला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. कंडक्टर सज्जन होता बिचारा. त्यानंबी हात हलवला."

* * *

राठोड मॅडमचं माहेर दिग्रसजवळच्या तांड्यावर. आईला त्या 'याडी' म्हणतात, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मॅडमनी दवाखान्याजवळ, धंतोलीत, चांगलं हॉटेल पाहिलं. पांढऱ्या चादरी, एसी, सगळं.

याडीनं पलंग हातानं दाबून पाहिला आणि विचारलं, "शेजारी कोण राह्यते?"

"याडी, हॉटेल आहे हे. इथं शेजारी नसतात."

"मंग काही लागलं-सवरलं तं आवाज कोणाले द्यायचा?"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मॅडम औषधं आणायला खाली गेल्या. परत येऊन पाहतात तर खोलीचं दार सताड उघडं, आणि याडी एका डोळ्याला पट्टी बांधून बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसलेली. समोरच्या खोलीतल्या बाई गोंदियाच्या निघाल्या. नवरा शेजारच्याच दवाखान्यात भरती, आणि बाई दोन दिवसांपासून कोणाशी बोलल्या नव्हत्या. याडीनं त्यांना भाकरी-ठेचा काढून दिला आणि जेवेस्तोवर समोर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावरची चार दारं उघडी झाली होती.

निघायच्या दिवशी गोंदियाच्या बाई याडीचा हात धरून रडल्या. मॅनेजर बिल करता करता थांबला. मॅडमना म्हणाला, "मॅडम, इतके वर्षं हॉटेल चालवतो. चेकआउटला रडताना कोणाले पाह्यलं नव्हतं."

* * *

माझा स्वतःचा एक. आमचे हे गेले, त्यानंतर सहा महिन्यांनी मला ट्रेनिंगसाठी नागपूरला जायची ऑर्डर आली. त्याआधी मी परगावी एकटी कधीच राहिले नव्हते. ट्रेनिंग सदर भागात होतं. मी तीन ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला, एकट्या लेडीजला खोली देत नाही. दुसरा म्हणाला, आधार कार्डाचा फोटो पाठवा. तिसरा फोन खामल्याला लागला. एक म्हाताऱ्या बाई घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देत. त्यांनी एकच विचारलं, "जेवून येशील की इथंच जेवशील?"

मी म्हटलं, "तिथंच जेवते."

स्टाफरूममध्ये सगळे हसले. "सदर कुठं अन् खामला कुठं. रोज अख्खं नागपूर ओलांडशील काय?" मेश्राम सर म्हणाले. मी म्हटलं, ओलांडीन.

खामल्याच्या चौकात ऑटोतून उतरले आणि घर शोधत उभी राहिले. कोपऱ्यावरून एक म्हातारी सरळ माझ्याकडे आली. "दिग्रसची न तू?" फोनवरचाच आवाज.

"तुम्ही कसं ओळखलं?"

"दहा मिनिटांपासून पाह्यतो तुले. पत्ता विचाराले तोंड उघडतं, अन् विचारत नाही."

त्यांच्याकडे गरम वरण-भात जेवले. सकाळी त्यांनी दार वाजवलं, "ऊठ वं, ट्रेनिंग आहे तुझं." सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी मला झोपेतून उठवावं लागलं होतं.

* * *

काळे बाबूंच्या मुलीला, पूजाला, पुण्यात नोकरी लागली. घरात आनंद कमी आणि काळजी जास्त. पूजानं दोन मोहल्ल्यांमधल्या दोन-दोन खोल्या फोनवरच पाहून ठेवल्या होत्या. बाबू म्हणाले, "थांब. आधी मी राहून पाह्यतो."

चार दिवसांची रजा टाकून ते पुण्याला गेले. एका मोहल्ल्यात एक मुक्काम, दुसऱ्यात एक. खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. ते रस्ते पाहत फिरले. दिवे कुठं लागतात, दुकानं कितीला मिटतात, बायका फाटकात बोलत उभ्या राहतात का, ते पाहिलं.

दुसऱ्या मोहल्ल्यात गल्लीच्या तोंडावर एक भाजीवाली होती. बाबूंनी तिच्याकडून पावभर मिरच्या घेतल्या, ज्यांचा लॉजवर त्यांना काही उपयोग नव्हता. मग तिथंच घुटमळत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "काका, काय पाहिजे ते बोला की."

बाबूंनी सांगितलं. पोरगी येणार आहे, एकटी राहणार आहे, यायला सात-आठ वाजतील.

"ह्याच रस्त्यानं येणार ना? नाव सांगून ठेवा. दिसली नाही तर मी हाक मारीन."

बाबू खोली न पाहताच परत आले. पूजाला म्हणाले, "खोली तुले पटन ते घे. गल्ली मी घेतली हाये."

* * *

मेश्राम सर नागपूरला गेले की दीक्षाभूमीजवळच उतरतात. सकाळी पायी जाऊन वंदन करायचं आणि मग कामाला लागायचं, ही त्यांची रीत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्यांनी बायकोला, वनिताताईंना, दोन दिवस नागपूरला न्यायचं ठरवलं. ताई कधी हॉटेलात राहिल्या नव्हत्या. सर म्हणाले, "यंदा मोहल्ला तू सांग."

ताई म्हणाल्या, "प्रतापनगर."

"प्रतापनगरात काय आहे? ना बाजार, ना आपलं कोणी."

"लहानपणी होतो आम्ही तिकडं."

ताईंचं माहेर बोरी अरबचं. त्यांचे आई-वडील उन्हाळ्यात नागपूरला बांधकामावर जायचे, एवढं सरांना माहीत होतं. कुठल्या भागात, हे ताईंनी कधी सांगितलं नव्हतं आणि सरांनीही कधी विचारलं नव्हतं.

प्रतापनगरात पोचल्यावर ताई बॅग हातात घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून चालू लागल्या. प्रत्येक बिल्डिंगकडे मान वर करून पाहत होत्या. चालता चालता सांगत होत्या. आई डोक्यावरून विटा वाहायची, बाबा सिमेंट कालवायचे. जी बिल्डिंग बांधायची, तिच्यातच राहायचं. जेवढा मजला तयार, तेवढ्यावर चूल. सर सांगतात, "पंचवीस वर्षांत ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. मी बॅगसुद्धा मागितली नाही तिच्याकडून, मधेच थांबली तर?"

एका वळणावर ताई थांबल्या. समोर चार मजली इमारत. खाली औषधांचं दुकान, वर गेस्ट हाउसची पाटी.

"हेच."

आत गेले. काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढं केलं. "आमच्याकडे पहिल्यांदाच येताय?"

सर म्हणाले, "हो."

ताई म्हणाल्या, "नाही. मी राह्यली पहिले इथं. तवा दारं बसवली नव्हती."

त्या माणसाला काही कळलं नाही. पण त्यांनी मागितली ती तिसऱ्या मजल्यावरची, रस्त्याकडची खोली त्यानं दिली. वर गेल्यावर ताई बसल्या नाहीत. भिंतीवरून हात फिरवला, खिडकी उघडून खाली पाहिलं. मग बोरी अरबला आईला फोन लावला.

"आई, त्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये आहो मी. तिसऱ्या मजल्यावर. आपली चूल होती न, तिथं पलंग हाये आता."

फोन स्पीकरवर होता.

आईनं विचारलं, "वर कशी गेली?"

"लिफ्टनं."

"लिफ्ट बसवली काय?" आई म्हणाली. "बरं झालं वं माय. त्या जिन्यानं लय दमवलं मले."