हरेश्वरची दोनशे फूट वायर

गिरीज गावच्या हरेश्वरला एक खोड होती. वायरीचं टोक कुठे मोकळं दिसलं की त्याच्या हाताला चैन पडायची नाही. केळीची वाडी, पन्नासेक नारळ, विहिरीवर पंप, सगळं कसं छान. दुपारी जेवून दुसरा कोणी आडवा झाला असता. हा टेस्टर घेऊन बसायचा. एकदा त्याने दारावरची बेल रेडिओला जोडली. महिनाभर पाहुण्यांनी बटण दाबलं की घरात बाजारभाव लागत. बायको स्वप्ना म्हणायची, "देवाने यांना हात दिले ते पक्कड धरायलाच."

पण २००४ साली या खोडीला खरोखरचं काम मिळालं. हरेश्वरची मुलगी रीमा लग्न होऊन मेलबर्नला गेलेली, तिला मुलगा झाला. हरेश्वरची आई धोंडूबाई पणजी झाली आणि तिने एकच धोशा लावला. "मना त्याचं रडनं ऐकव. रडनं ऐकलं की मी सांगते पोर कसं हाय ते." आता धोंडूबाई अठ्ठ्याहत्तरची, कानाशी ओरडून बोललं तरच ऐकू येणारी. फोन कानाला लावला की म्हणायची, "हे बोलतात का चने भाजतात?" आणि ठेवून द्यायची. मग दिवसभर ओटीवर गप्प बसून राहायची, ते हरेश्वरला बघवत नसे.

बांधापलीकडे चुलतभाऊ मितेशच्या घरी कॉम्प्युटर होता. दर रविवारी सकाळी दहाला रीमा त्यावरून बोलायची, स्वप्ना जाऊन ऐकायची. तर मग आईला तिकडे न्यायचं, संपलं! छे हो! मितेशचं घर म्हणजे आशालताकाकीचं घर, आणि आशालता म्हणजे धोंडूबाईची धाकटी जाऊ. अकरा वर्षांपूर्वी एका हळदीत तिने चार बायकांसमोर धोंडूबाईच्या हातच्या वालांना अळणी म्हटलं होतं. वालांना! अळणी! "मेले तरी त्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाय," असं धोंडूबाई तेव्हा म्हणाली आणि तिने ठेवला नाही. घरातल्या लग्नांत दोघी एकाच मांडवात एकमेकींकडे पाठ करून बसत.

"माणूस जात नाही ना? मग आवाज इकडे आणू," हरेश्वर म्हणाला. घरात दिवाळीला घेतलेला मोठा डेक होता, त्याला कमरेएवढे दोन स्पीकर. त्यावर आरती लावली की शेजारचे लोक दिवे लावत. मितेशच्या कॉम्प्युटरच्या मागून वायर काढायची, केळीतून आणायची आणि डेकच्या पाठीत खुपसायची. दोनशे फूट वायर लागली. पंपाच्या वायरीचे खांब आयतेच उभे होते, त्यांनाच त्याने ती बांधून टाकली.

शनिवारी चाचणी झाली. मितेशने तिकडे गाणं लावलं. इकडे डेकमधून अशी घरघर निघाली की कोंबड्या केळीत पळाल्या. हरेश्वरने जोडण्या सोडल्या, पुन्हा केल्या, डेकला दोन शिव्या घातल्या. शेवटी स्वप्नाने विहिरीवर जाऊन पंप बंद केला आणि गाणं लख्ख ऐकू आलं. पंपाच्या वायरीला चिकटून आणली तर दुसरं काय होणार? हरेश्वर म्हणाला, "मला माहीत होतं. मी बघत होतो तुला कळतं का." स्वप्ना कोंबड्या हाकायला केळीत गेली.

रविवारी पंप बंद, केळी तहानलेली, धोंडूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून स्पीकरसमोर खुर्चीत. स्वप्ना पलीकडे मितेशकडे गेलेली. दहा वाजले, डेक खरखरला आणि त्यातून रीमा बोलली, "आजी, ऐकू येतं का गं?" भिंतीवरची कॅलेंडरं हलली. मग पोर रडलं. धोंडूबाईने दोन्ही हात छातीशी धरले. हरेश्वरला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पण मितेशकडून एक गोष्ट राहून गेली होती. कॉम्प्युटरपुढच्या माइकचा आवाज रीमाकडे जायचा तसाच वायरीतून डेककडेही येत होता. त्या खोलीत कोणी शिंकलं तरी ते धोंडूबाईच्या घरात गडगडणार. आणि तेवढ्यात आशालता माइकपाशी आली.

"रडतो गं फार," रीमा म्हणाली.

"अगं, जायफळ दे उगाळून. चांगलं अर्धं," डेकमधून आशालता गरजली.

धोंडूबाई ताठ झाली. "अर्धं जायफळ? महिन्याच्या पोराला? पोट दुखतं त्याचं, ऐकू नाय येत? हिंग लाव बेंबीला!" ती स्पीकरवर ओरडली. पण वायर एकाच दिशेची. पलीकडे कोणाला काय कळणार?

"आये, इथून नाही जात," हरेश्वर तिच्या कानाशी ओरडला.

"नाय जात तर मी जाते!" काठी उचलून धोंडूबाई निघाली. त्या वायरीखालूनच, केळीची पानं बाजूला सारत, बांध ओलांडून. हरेश्वर दारात आला, पुन्हा डेककडे धावला. तिकडे काय होणार ते डेकमधूनच कळणार होतं.

थोड्या वेळाने स्पीकरमधून काठी वाजली. "सरक. खुर्ची दे." त्याच्या आईचा आवाज. मग, "रीमा, हिंग. पान्यात कालवून, बेंबीभोवती. जायफळ नाय, कोनी कितीपन सांगू दे." मग कपबशी वाजली. कोणीतरी चहा आणून ठेवला असणार. एक घोट झाला.

"आशे, अगोड हाय."

हरेश्वरने कपाळावर हात मारला. पुन्हा अकरा वर्षं! डेकमधून नुसता पोराचा हुंकार.

"घालते, वयनी," आशालताचा आवाज आला, मोठा पण जरा भिजलेला. "त्या दिवशीचे वाल काय अळनी नव्हते. मला राग आलेला, म्हनून म्हटलं मी."

"ते मना तेव्हापासून माहीत हाय. साखर घाल."

आणि दोघी हसल्या, इतक्या मोठ्याने की स्पीकर चरचरले. मग रीमा म्हणाली, "बाबा कुठे आहेत? बाबा नाहीत का?"

"हा मी! इथे!" हरेश्वर डेकवर ओरडला. "रीमा, मी इथे गं!" रिकाम्या घरात त्याचा आवाज घुमला. पलीकडे स्वप्ना म्हणत होती, "ते घरी डेकपाशी बसलेत."

पुढच्या रविवारी साडेनऊलाच धोंडूबाई लुगडं नेसून तयार. "ती वायर काढ," जाता जाता ती म्हणाली, "केळीला अडकते. नि तूपन चल आता."

हरेश्वरने पंप चालू केला आणि आईच्या मागोमाग निघाला.