सहाव्या गाण्यापर्यंतचा रस्ता

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत वजनकाट्यासमोर उभी होते आणि शेवटचा आकडा स्थिर होण्याची वाट पाहत होते. "मैथिली, हे गेले गं," काकू म्हणाल्या. "पेपर आणायला म्हणून बाहेर गेले, आणि पायरीवरच..." मी "निघते" म्हणाले, फोन ठेवला, काट्यावरचा आकडा वहीत उतरवला, वेळ लिहिली, सही केली आणि मग हातमोजे काढले. हे वाचून मी कोणाला कोरडी वाटेन. अरविंदकाकांना वाटले नसते. आकडा दिसला की आधी तो लिहायचा, जगात काय व्हायचे ते नंतर होऊ द्यायचे, हे मला त्यांनीच शिकवले होते. त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. परवा ती वही उघडली, तर त्या ओळीतले अक्षर माझे आहे यावर माझाच विश्वास बसेना.

काका माझे नात्याने कोणीही नव्हते. चार वर्षांपूर्वी पीएचडी संपवून मी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आले, एका औषध कंपनीत लागले, आणि पहिल्याच महिन्यात मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी राहिले. माझ्या ताटात मसालेभात वाढता वाढता काकूंनी विचारले, "ऑफिसला कशी जातेस?" मला गाडी चालवता येत नव्हती, मी रोज टॅक्सी मागवत असे. कंपनीचे नाव ऐकताच काकूंनी मागे वळून हाक मारली, "अहो, ही तुमच्याच कंपनीतली निघाली. उद्यापासून हिला घेऊन जा." कढीचे पातेले ढवळणाऱ्या एका उंच, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी मान वर केली आणि शांतपणे सांगितले, "सात वीसला निघतो. सात एकवीसला मी तिथे नसतो." ते मूळचे नागपूरचे, विश्लेषण-रसायनातले, आमच्या कंपनीत वीस वर्षे मुरलेले. दुसऱ्या दिवशी सात एकोणीसला मी त्यांच्या दारात हजर होते, आणि पुढची पावणेदोन वर्षे आमचा तो क्रम मोडला नाही.

त्यांच्या जुन्या निळ्या गाडीत एकच सीडी वाजत असे, कारण ती बाहेर निघत नव्हती. कधीतरी ती अडकली, तेव्हा काकांनी प्रयोगशाळेतून पूड उचलण्याची पातळ स्पॅच्युला आणून ती उचकटायचा प्रयत्न केला. परिणामी सीडी कायमची आत राहिली आणि पुढे-मागे करण्याची बटणेही निकामी झाली. "तीस वर्षं लॅबमध्ये काढली आणि गाडीच्या तोंडात चमचा घालून बसले," काकू म्हणत. "चमचा नाही, स्पॅच्युला." "मग तर शिकलेला वेडेपणा." त्यानंतर गाडी सुरू केली की सीडी दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होई. आमचा रस्ता बावीस मिनिटांचा. त्यात सहा गाणी बसत. सीडीवर चौदा होती.

नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेला तो एक संग्रह होता: चौदा छोटे बँड, प्रत्येकाचे एक गाणे. त्यातला एकही पुढे नावारूपाला आला नाही. मी माझ्या सवयीने शोध घेतला. कोणत्याही ॲपवर तो नव्हता, एका संग्राहकाच्या यादीत नुसता मथळा सापडला. गिटारी किंचित बेसूर, ढोल शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखे, आणि गाणारे सगळे भिंतीकडे तोंड करून उभे असावेत असा आवाज. काका प्रत्येक बँडला 'मंडळ' म्हणत. "हे तिसरं मंडळ जरा रडकं आहे, पण माणसं प्रामाणिक आहेत." पहिल्याच दिवशी मी सांगून टाकले, की यांना सगळ्यांना सर्दी झालेली वाटते. "अजून दोनदा ऐक," ते म्हणाले, "मग बोल." कोणतीही चाचणी तीनदा केल्याशिवाय तिच्याविषयी मत द्यायचे नाही, हा त्यांचा व्यवसायाचा नियम, तो त्यांनी संगीताला, माणसांना आणि काकूंच्या नव्या पदार्थांनाही लावला होता. दुसरा नियम असा, की गाणे अर्धवट असताना गाडी बंद करायची नाही. सहावे गाणे पार्किंगमध्ये शिरताना सुरू असे. त्याच्या शेवटी एक ट्रम्पेट येतो, जरासा अडखळत, जिना चढून दमलेल्या माणसासारखा. तो संपेपर्यंत आम्ही दोघे पट्टे न काढता बसून राहत असू आणि बाजूने जाणारे सहकारी आत वाकून पाहत. माझा जीव घड्याळात अडकलेला असे. मला पाच वर्षांत गटप्रमुख व्हायचे होते, आणि मी ते काकांना सांगितलेही होते. "हो की," ते म्हणाले होते, "ट्रम्पेट झाला की लगेच."

दुसऱ्या वर्षी माझा पहिला प्रकल्प बंद पडला. चौदा महिने मी ज्या रेणूवर काम करत होते, तो दमट हवेत टिकत नव्हता. निर्णय योग्य होता. आकडे माझेच होते. त्याच आठवड्यात कंपनीतल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रकल्पात माझ्यासाठी जागा निघाली, सोमवारी रुजू व्हायचे होते. जुन्या प्रकल्पाचा समारोप-अहवाल तेवढा राहिला होता. माझ्या वरिष्ठांच्या मते दोन पाने पुरेशी होती. संध्याकाळी गाडीत मी हे सगळे उत्साहाने सांगितले. काकांनी फक्त विचारले, "तुटतो कुठे, ते कळलं?" कळले होते; रेणू नेमका कुठे आणि कोणत्या क्रमाने तुटतो, हे मी शोधून काढले होते. "मग ते दोन पानांत कसं मावेल?" "काका, मेलेल्या प्रकल्पाचा अहवाल कोण वाचणार आहे?"

पुढे महामार्गावर अपघात झालेला होता. गाड्या थांबल्या, सहावे गाणे संपले, आणि दीड वर्षात मी प्रथमच सातवे ऐकले. एक जाडसर पुरुषी आवाज, मागे हार्मोनियमसारखे काहीतरी, आणि शब्द जवळजवळ नाहीतच. काका म्हणाले, "हा ग्रॅहॅम." तरुणपणी लीड्सला संशोधन करत असताना त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारा एक तंत्रज्ञ होता, तोच हा. तिथला काकांचा पहिला हिवाळा एकटेपणाचा होता, प्रयोग फसत होते, आणि ग्रॅहॅम रोज संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या टेबलाशी येऊन बसत असे. गावात एक बाई रेकॉर्डचे दुकान चालवत. ही सगळी मंडळे वर्षभरात फुटणार हे त्यांना स्वच्छ दिसत होते. फुटण्याआधी प्रत्येकाचे एक चांगले गाणे एका जागी असावे, एवढ्यासाठी त्यांनी हा संग्रह काढला. मंडळे फुटली. ग्रॅहॅम काचसामान धूत राहिला.

मला त्या गोष्टीतला उपदेश ताबडतोब दिसला आणि रागही आला. मी म्हणाले, "आणि काय झालं? कोणाला आठवतो तुमचा ग्रॅहॅम?"

काकांनी समोरच्या गाडीचे लाल दिवे पाहत उत्तर दिले. "मला."

मी अहवाल लिहिला. एकतीस पाने झाली. त्यासाठी दोन आठवड्यांची मुदत मागितली, ती मिळाली, आणि तेवढ्यात ती महत्त्वाची जागा दुसऱ्या कोणाला देण्यात आली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी काकांशी गाडीत कामापुरतेच बोलत होते. त्यांनी माझी समजूत घातली नाही, क्षमाही मागितली नाही. एके शनिवारी मात्र मला रिकाम्या शाळेच्या आवारात नेले, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसले. "तू माझ्यावर चिडून राहिली आहेस. चिडलेल्या माणसानं स्वतः चालवलेलं बरं, लक्ष रस्त्यावर राहतं." सहा गाण्यांच्या अवधीत मी तीनदा फुटपाथवर चढले. ते हँडब्रेक धरून बसले होते आणि मध्येच म्हणाले, "आता मत देता येईल. तीन झाले." मी हसले... आणि राग तिथेच संपला. प्रश्न मात्र संपला नाही. ते बरोबर होते की मी एक संधी उगाच घालवली, हे मला ठरवता येत नव्हते.

पुढे ते निवृत्त झाले आणि मी स्वतःची गाडी घेतली. शेवटची भेट यंदाच्या संक्रांतीची. तिळगूळ हातावर ठेवून त्यांनी विचारले, "आता गाडीत काय ऐकतेस?" मी सांगितले, पॉडकास्ट, दीडपट वेगाने. ते खूप वेळ हसले. "दीडपट? मग उरलेल्या वेळाचं काय करतेस?"  

ते गेल्यानंतर काकूंनी त्यांच्या टपालातून ग्रॅहॅमचा पत्ता शोधला. तो दर नाताळात कार्ड पाठवत असे. इंग्रजी पत्र मी लिहून दिले. त्याचे उत्तर आले, त्यात शोकाच्या चार ओळी होत्या आणि खाली संकोचाने एक प्रश्न होता: अरविंदकडे ती सीडी अजून असेल का? त्याची स्वतःची प्रत घर बदलताना हरवली होती, आणि आपल्या नातवंडांना आपण कधी गायलो होतो हे त्याला पटवून देता येत नव्हते. काकूंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "काढता येईल?" मेकॅनिकच्या मते प्लेअर उघडला तर सीडी मोडण्याचीच शक्यता जास्त होती.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही ती गाडीतच ध्वनिमुद्रित केली. घरासमोर गाडी उभी होती, टपावर पाइनच्या परागांचा पिवळा थर होता. काचा बंद केल्या, किल्ली अर्धीच फिरवली, मायक्रोफोन डॅशबोर्डवर ठेवला, आणि पहिल्या गाण्यापासून चौदाव्यापर्यंत सगळे तीनदा. शेवटची सात गाणी मी आयुष्यात प्रथमच ऐकली. चौदावे फार चांगले आहे. तिसऱ्या खेपेला सातव्या गाण्याच्या मधोमध काकूंनी दार उघडून "चहा झालाय गं" म्हटले, ते त्यात आले. तांत्रिकदृष्ट्या दुसरी खेप सर्वांत स्वच्छ होती. आम्ही तिसरी पाठवली. गाडीची बॅटरी पार उतरली, शेजाऱ्यांच्या गाडीवरून तार जोडून ती सुरू करावी लागली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मला दुसऱ्या शहरातल्या आमच्याच कंपनीच्या एका गटाचे पत्र आले. त्यांचा नवा रेणू दमट हवेत तुटत होता, आणि तो कसा तुटतो हे त्यांना माझ्या अहवालातल्या एकोणिसाव्या पानावर सापडले होते. अहवाल लिहिणारी व्यक्ती अजून कंपनीत आहे का, आणि ती त्यांच्याबरोबर काम करील का, असे त्यांनी विचारले होते. मी होकार कळवला आहे. त्यांचाही रेणू टिकेल याची खात्री मला देता येणार नाही, परंतु एकोणिसावे पान दोन पानांच्या अहवालात नसते, एवढे निश्चित. हे काकांना सांगायला हवे होते... त्यांनी बहुधा एवढेच विचारले असते, की एक झाले, उरलेली दोन पत्रे कधी येणार?

निळी गाडी काकूंनी मला दिली. "विकली तर घेणारा आधी प्लेअर काढील," त्या म्हणाल्या. माझी भाडेकरारावरची होती, ती मी परत केली. आजपासून सात वीसला माझ्याबरोबर ऋचा येते. मुंबईहून आलेली, दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत लागलेली, अजून लायसन्स नसलेली. आज सकाळी पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा तिने पट्टा काढून दाराच्या मुठीवर हात ठेवला होता.

"चल ना ताई, कालची सगळी बॅच फुकट गेलीय, परत लावायचीय."

"का गेली ते लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं यार? गेली ती गेली."

मी इंजिन बंद केले नाही. सहावे गाणे चालू होते, ट्रम्पेट यायचा होता. ऋचाने माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, मग मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. थोडा वेळ ऐकले.

"या माणसाला सर्दी झालीय," ती म्हणाली.

"अजून दोनदा ऐक," मी म्हणाले.