मोहगावच्या लाल गाडीचा पिकअप

गॅरेजमध्ये भंगार साचलं तर कबाडी घेऊन जातो. किस्से कोण नेणार? पांढुर्ण्यात गॅरेज टाकल्यापासून माझ्याकडे त्यांचा ढीग झालाय. बाकीचे सांगताना हसू येतं, पण मोहगावच्या प्रफुल्लची लाल गाडी आठवली की आजही डोकं तडकतं!

जुनी स्पोर्ट्स कार. दोनच दारं, आत बसायचं तर आधी दंडवत घालायचं. रेस वाढवली की सुसाट, पण दोन हजार आरपीएमच्या खाली जीवच नाही. पहिल्या गिअरमध्ये जरा चढ आला की गचके देऊन बंद! आणि प्रफुल्लच्या संत्र्याच्या बागेला नेमका चढ. त्याचे वडील नामदेवराव गाडी घरात आल्यापासून त्याच्याशी बोलत नव्हते. बोलले ते एकदाच. "बागेचा चढ चढली तं राहू दे, नाई तं दिवाळीले भंगारात!"

"गजूभाऊ, कसंबी करा," प्रफुल्ल रडकुंडीला आला होता. "कॉलेजात होतो तवापासून हेच गाडी सपनात पाहून राहिलो मी."

*

बोनेट उघडलं की गावभरचे डॉक्टर गोळा होतात. पहिले आले रिटायर्ड गुरुजी. स्वतः जन्मभर सायकलवर! आत डोकं घातलं आणि म्हणाले, "क्लच गेल्ला."

"गुरुजी, क्लच गेला तं इंजिन बोंबलते आन् गाडी जात नाई. अथी तं इंजिनच बोंबलत नाई!"

"मंग थोडासाच गेल्ला असन."

प्रफुल्लनं ते ऐकलं आणि हटून बसला. अख्खा गिअरबॉक्स उतरवला. क्लच ठणठणीत! दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणतात कसे, "चला, मनातली शंका तं गेली."

तुमची शंका गेली हो, माझी कंबर गेली त्याचं काय!

*

माझा पार्टनर शेषराव मोबाईलवर व्हिडिओ पाहून मेकॅनिक झालेला. तो म्हणाला, सायलेन्सर आतून जाम असेल, काढून चालू करू. केली चालू. समोरच्या सलूनमधला माणूस अर्ध्या दाढीचा फेस घेऊन रस्ता ओलांडून आला.

"काऊन बे, गोटमारीची दगडफेक सुरू केली काय अथी?"

गाडी होती तशीच मेलेली. शेषराव शांतपणे म्हणाला, "आवाजाचा पिकअप तं वाढला!"

हातातला पाना मी त्याच्यावर फेकला नाही. खरं सांगतो, फेकायला हवा होता.

*

मग प्लग बदलले, पेट्रोलची लाइन साफ केली, आणि तिगावच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. पहिल्याच चढावर गाडी बसली. मागून संत्र्याचे क्रेट लादलेला ट्रॅक्टर आला, आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि थांबला. ड्रायव्हरनं वळून विचारलं, "टोचन लावू काय, भाऊ?"

स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरमागं दोरीनं बांधून पांढुर्ण्यात आणली मी! बाजारातून! लोक फोटो काढत होते. लाजेनं प्रफुल्ल सीटखाली शिरला होता, आणि शिव्या मी खात होतो.

*

शेवटी स्कॅनर लावला. इंजिन किती हवा ओढतंय ते सांगणारा एक सेन्सर असतो, त्याचं रीडिंग गडबड दिसलं. मी हात घातला तर प्रफुल्ल मध्ये आडवा!

"त्याले हात नका लावू! नवाकोरा हाय, दिल्लीवरून मंगवला. म्या सोता बसवला."

"अबे, मंग गाडी कायले आनली माह्यापाशी? पूजा कराले?"

"गजूभाऊ, बाकी कायबी खोला."

बाकी काय उरलं होतं खोलायला? दोन सीट आणि एक हॉर्न! माझा संताप अनावर झाला. किल्ली त्याच्या अंगावर फेकली आणि सांगितलं, "घेऊन जा तुह्यी रानी! दे भंगारात!"

तो किल्ली उचलून गाडीपाशी नुसता उभा राहिला. डोळे भरले होते त्याचे. आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? त्याचाही रागच आला मला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुल्ल परत आला. मागून नामदेवराव. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. भंगारवाला ठरवायलाच आले असणार, असं मला वाटलं.

प्रफुल्लनं मान खाली घालून सांगितलं, "खोला सेन्सर."

खोलला. आतली बारीक तार पिवळ्या चिकट थरानं माखलेली! मागची नळीही आतून पिवळी. वास घेतला, तर तूप! अस्सल घरचं तूप आणि हळद! स्प्रे मारून सगळं साफ केलं, जोडलं, आणि प्रफुल्लनं पहिल्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडला. गाडी अशी उसळली की माझी हत्यारांची पेटी थोडक्यात वाचली.

खुश व्हायचं सोडून मी पेटलो. "कोनत्या गाढवानं इंजिनात तूप घातलं रे?"

"मायची आन, म्या नाई घातलं!" प्रफुल्ल म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी हवेचा फिल्टर धुवाले काढला होता फक्त, नळी उघडी होती."

दारातून नामदेवराव खाकरले.

"म्या लावलं. बैलाइचे खांदे शेकले त्या सांजेले, अन् वाटीत तूप-हळद उरली होती. हे बी गोठ्यातच उभी होती. आता हिचा खांदा कोठी असते, मले काय मालूम? गोल नळी दिसली, तिले लावलं."

प्रफुल्ल बापाकडे बघतच राहिला. "बाबा, तुमी तं हिले भंगारात देतो म्हनत होते!"

"देईन ना," म्हातारा गरजला. "द्याची थ्या दिवशी देईन. तोवर सनाच्या दिवशी उपाशी ठेवू काय तिले?"